मुंबईच्या थंडीत काय खावं? हेमंत-शिशिर ऋतुचर्या आणि आपलं ताट

मीठभाकर, १ डिसेंबर

डिसेंबर उजाडला की व्हॉट्सॲपवर हिवाळी आहाराच्या याद्या फिरायला लागतात. बाजरी, डिंक, सुकामेवा, साजूक तूप, रोज दोन लाडू. यातल्या बऱ्याचशा याद्या उत्तरेकडच्या थंडीला बेतलेल्या असतात. आपल्या सांताक्रूझला ऐन जानेवारीतही पहाटेचं तापमान साधारण १६-१७ अंश आणि दुपारी पारा तिशीच्या आसपास. तिथला आजवरचा नीचांक ७.४ अंश, तोही १९६२च्या जानेवारीतला. मग ऋतुचर्येतलं, म्हणजे आयुर्वेदाने ऋतूनुसार सांगितलेल्या आहार-विहारातलं, आपण काय घ्यायचं, किती घ्यायचं आणि काय सोडून द्यायचं, यावर नीट बोलावं म्हणून हा धागा काढते आहे.

आधी आयुर्वेदाच्या ग्रंथात काय आहे ते थोडक्यात. मार्गशीर्ष-पौष हा हेमंत, माघ-फाल्गुन हा शिशिर. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सहावा अध्याय ऋतुचर्येचा आहे. तिथे म्हटलंय की गार वाऱ्यामुळे शरीरातली उष्णता आतच कोंडली जाते आणि जाठराग्नी, म्हणजे पोटातली पचनशक्ती, बळावतो. असा अग्नी प्रमाणाने जास्त आणि गुणाने जड असलेलं अन्नही पचवतो. त्याला पुरेसं इंधन मिळालं नाही तर तो शरीरातला रसच जाळायला लागतो आणि वात बिघडतो. म्हणून या दिवसांत स्निग्ध, आंबट, खारट खावं. दूधदुभतं, गुळासारखे उसाचे पदार्थ, तेल, नवा तांदूळ घ्यावा आणि प्यायला गरम पाणी. टाळायचं ते वातूळ म्हणजे वात वाढवणारं, फार हलकं अन्न, अंगावर येणारा वारा आणि अर्धपोटी राहणं. अष्टांगहृदय लिहिणाऱ्या वाग्भटांनी यात एक फार व्यवहारी निरीक्षण जोडलंय: रात्र मोठी असते, त्यामुळे माणूस सकाळी उठतो तो भुकेलेलाच.

माझं म्हणणं असं की सगळी मेख 'अग्नी बळावतो' यात आहे. जड खायची मुभा भुकेच्या जोरावर मिळालेली आहे, कॅलेंडरच्या पानावर नाही. मुंबईत भूक वाढते, पण बेताची वाढते, आणि वाढते ती मुख्यतः सकाळी. दुपारी घाम येतोच. रात्री उशिरा घरी पोचणाऱ्याची भूक ही थकव्याची असते. तेव्हा मी हेमंताचे सगळे जड, स्निग्ध पदार्थ सकाळी नऊच्या आत आणि दुपारच्या डब्यात बसवते. रात्रीचं जेवण बारा महिने असतं तसंच हलकं.

आमच्याकडचं ताट साधारण असं. सकाळी तुपावरचा शिरा, उडदाचं पीठ घातलेलं थालीपीठ आणि लोणी, किंवा एक डिंकाचा लाडू आणि गरम दूध. डब्यात बाजरीची किंवा तांदळाची भाकरी, तीळकूट घातलेली वांग्याची भाजी, मुळ्याचा पाला, चाकवत, चुका, मटार, ओले हरभरे, पातीचा कांदा, जे मिळेल ते. सोबत ओल्या हळदीचं लोणचं किंवा आवळ्याची चटणी. रात्री मुगाची खिचडी, ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, नाहीतर कढण.

दादर स्टेशनबाहेर पश्चिमेला वसई-पालघरकडच्या भाजीवाल्या सकाळी बसतात. या दिवसांत त्यांच्या पाट्यांवर जे दिसतं तेच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. ऋतुचर्या पाळायला यापेक्षा वेगळी यादी लागत नाही.

तुमच्याकडे काय करता? लाडू चालतात का, पचतात का? मधुमेह, ॲसिडिटी असलेल्यांनी काय करावं? जाणकारांनी जरूर लिहावं.

पावशेर, १ डिसेंबर

फार चांगला विषय, मीठभाकर. सकाळच्या भुकेबद्दल शंभर टक्के सहमत. आमच्या गिरगावच्या चाळीत थंडीत सकाळी गरम गरम मऊभात, वर मेतकूट आणि तूप, सोबत पोह्याचा भाजका पापड, हीच न्याहारी असायची. शाळेत जाईपर्यंत पोट गच्च. आता घराघरात दुधात कोरडी पाकिटं ओततात, तेही फ्रीजमधल्या गार दुधात. हेमंतात सकाळी पोटात गार दूध घालणं मला अजिबात पटत नाही.

काळा घोडा, १ डिसेंबर

मला एक प्रामाणिक शंका आहे. मुंबईत थंडी पडते कुठे? रात्री पंखा लागतो. दिवसभर मी वातानुकूलित ऑफिसात बसून. माझी भूक डिसेंबरात वाढलेली मला कधी जाणवली नाही. तरी घरचे 'थंडी आहे, खा' म्हणून लाडू पुढे करतात आणि संध्याकाळपर्यंत पोट जड राहतं. अशा माणसाने ऋतुचर्या म्हणून खावं की पोट म्हणतं म्हणून थांबावं?

निर्गुडी, २ डिसेंबर

मी बीएएमएस म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टर आहे, ठाण्यात प्रॅक्टिस करते. काळा घोडा यांच्या शंकेला ग्रंथातच उत्तर आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

हेमंताच्या वर्णनात सगळे फक्त खाण्याची ओळ उचलतात. वाग्भटांचा क्रम बघा: सकाळी उठून अंगाला आणि डोक्याला तेल, मर्दन, मग कुस्तीसारखा व्यायाम, मग स्नान, आणि त्यानंतर ते गहू, उडीद, ऊस, दुधाचे पदार्थ. म्हणजे जड अन्नाच्या आधी अंगमेहनत गृहीत धरलेली आहे. खुर्चीत बसून असलेल्या माणसाला थंडीची भूक लागत नाही यात नवल नाही. तेव्हा पोट 'नको' म्हणत असेल तर थांबायचं. हेच शास्त्राला धरून आहे.

भूक खरी की सवयीची हे ओळखायची लक्षणंही दिलेली आहेत. आधीचं जेवण पचलं असेल तर ढेकर स्वच्छ येतो, त्याला आधीच्या जेवणाचा वास नसतो. पोट साफ होतं. अंग हलकं वाटतं, कामाला हुरूप असतो, आणि मग भूक-तहान लागते. संध्याकाळी पाच वाजता दुपारच्या लाडवाचा ढेकर येत असेल तर तो लाडू तुमच्या अग्नीला पेलला नाही.

दुसरी गोष्ट देशाची, म्हणजे आपण राहतो त्या प्रदेशाची. आयुर्वेद ऋतूइतकाच देशाचा विचार करतो. जांगल म्हणजे कोरडा प्रदेश, आनूप म्हणजे भरपूर पाण्याचा, दमट प्रदेश. कोकणपट्टी आणि मुंबई आनूप. इथे कफ-वाताचं प्राबल्य. अशा ठिकाणी देशावरच्या कोरड्या थंडीसारखं नुसतं तूप आणि मेवा वाढवून भागत नाही. जोडीला उष्ण आणि पाचक काहीतरी हवंच: आलं, लसूण, मिरी, ओवा, हिंग, सुंठ. म्हणून मी माझ्या रुग्णांना मुंबईच्या हिवाळ्यासाठी कुळीथ आवर्जून सांगते. कुळीथ उष्ण, कफ आणि वात दोन्ही कमी करणारा. कोकणात थंडीत कुळथाची पिठी आणि गरम भात खातात, तो इथल्या हवेला अगदी चपखल बसणारा हेमंताचा आहार आहे. पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी आणि नाकातून रक्त येण्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी मात्र कुळीथ बेताने.

मात्रेबद्दल एक सोपा नियम: जड पदार्थ अर्ध्या भुकेपुरते, हलके पदार्थ पोट भरेपर्यंत, तेही तट्ट फुगेपर्यंत नाही. डिंकाचा लाडू खाल्लात तर त्या न्याहारीला तेवढाच लाडू. त्यावर पोहे आणि चहा नको.

काळा घोडा, २ डिसेंबर

धन्यवाद निर्गुडी. 'आधी मेहनत, मग लाडू' हा क्रम कुणीच सांगत नाही. सकाळी शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारून मग खाऊन बघतो.

बदलापूर लोकल, २ डिसेंबर

आमच्याकडे मुंबईपेक्षा थंडी जास्त. पहाटे प्लॅटफॉर्मवर स्वेटर, कानटोपी असते आणि दादरला उतरेपर्यंत घाम. सकाळी सहाला घर सोडावं लागतं, एवढ्या पहाटे घास उतरत नाही. मग अकरापर्यंत नुसता चहा. चहाने भूक मरते पण डोकं दुखतं. रात्री घरी पोचायला साडेनऊ. अशा वेळापत्रकात हे सगळं कसं बसवायचं?

मीठभाकर, २ डिसेंबर

बदलापूर लोकल, तुमचाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. निम्मी मुंबई याच वेळापत्रकावर चालते. अग्नीला इंधन न मिळण्याबद्दल ग्रंथात जे लिहिलंय, ते तुमच्या अकरापर्यंतच्या नुसत्या चहाला लागू पडतं. सहाला जेवायला नको, पण कपभर गरम दूध-सुंठ घेऊन निघा. ऑफिसला पोचलात की, म्हणजे आठ-साडेआठला, डब्याचा वरचा पुडा उघडायचा. त्यात एक लाडू, किंवा तूप-गूळ लावलेली पोळीची गुंडाळी, किंवा मेथीचं थालीपीठ. लोकलमध्ये उभ्याने खाऊ नका.

संध्याकाळी सहा-सातला ऑफिसमधून निघायच्या आधी मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे आणि खजूर-तीळ असं काहीतरी. मग स्टेशनवर वडापावचा वास आला तरी पाय आपोआप पुढे जातात. रात्री साडेनऊला घरी पोचल्यावर पातळ, गरम, थोडं: मुगाचं कढण आणि भात, किंवा भाज्यांचं सार आणि ज्वारीची अर्धी भाकरी. घरात कुणी डबा भरून देणारं असेल तर उत्तम. नसेल तर रविवारी लाडू आणि थालीपिठाची भाजणी करून ठेवली की आठवडा निघतो.

अबोली पार्ले, ३ डिसेंबर

माझ्या आईला बरीच वर्षं मधुमेह आहे, इन्शुलिन चालू आहे. मार्गशीर्ष लागला की तिला लाडवांची आठवण येते. शेजारच्या काकू म्हणतात गुळाचे लाडू चालतात, साखर नाही ना त्यात. आयुर्वेदातही गूळ सांगितलाय असं त्यांचं म्हणणं. निर्गुडीताई, खरंच चालतील का? मला तिचं मन मोडवत नाही आणि भीतीही वाटते.

निर्गुडी, ३ डिसेंबर

अबोली, स्पष्ट लिहिते. गुळाने रक्तातली साखर वाढतेच. खारीक, खजूर, मनुका यांनीही वाढते. 'गुळाचा आहे म्हणून चालतो' हा समज मला रोज कुणाच्या ना कुणाच्या डोक्यातून काढावा लागतो.

आणि आयुर्वेदाचं नाव यासाठी घेऊ नये. मधुमेह आयुर्वेदात प्रमेह या रोगांत मोडतो. चरकांनी प्रमेहाची कारणं दिली आहेत त्यात बघा काय आहे: सुखाने बसून राहणं, झोपून राहणं, दही, दूध, पाण्यातल्या आणि पाणथळ भागातल्या प्राण्यांचं मांस, नवं धान्य, गुळाचे पदार्थ. म्हणजे हेमंताच्या यादीतले पदार्थच जवळपास जसेच्या तसे प्रमेहाच्या कारणांत आहेत. निरोगी, कष्ट करणाऱ्या माणसाला जे बळ देतं, तेच प्रमेही माणसाला रोग वाढवणारं ठरतं. ऋतुचर्या ही स्वस्थ माणसासाठी सांगितलेली आहे. आजारी माणसाचा आहार त्याच्या आजारावरून ठरतो, महिन्यावरून नव्हे.

आईसाठी थंडीचं म्हणून करण्यासारखं खूप आहे. तीळ, जवस, कारळे यांच्या लसूण घातलेल्या कोरड्या चटण्या. मेथीची परतून भाजी. कुळथाची पिठी. आवळ्याची बिनगुळाची चटणी, कोथिंबीर-आलं घालून. ओल्या हरभऱ्याची उसळ. दुधात हळद-सुंठ, साखरेशिवाय. भाकरी बाजरीची असली तरी मोजूनच, पिठूळपणा तिच्यातही आहे. आहारात काहीही मोठा बदल करताना तिच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना सांगा, कारण इन्शुलिनची मात्रा खाण्याशी बांधलेली असते. मात्रा घरच्या घरी कमी-जास्त करू नका.

लाडवाची हौस असेल तर सणाच्या दिवशी, जेवणातली पोळी-भात कमी करून, सुपारीएवढा. डॉक्टरांना विचारूनच.

अबोली पार्ले, ३ डिसेंबर

मनापासून आभार. प्रमेहाच्या कारणांचं ते वाक्य आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली चटण्या कर, तिखट कर.

वेसावकरीण, ४ डिसेंबर

सगळं लाडू-भाकरीवर चाललंय, मासळीवर कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. आमच्या वेसाव्यात, म्हणजे वर्सोव्यात, थंडीत बोंबील बांबूंवर वाळत घातलेले दिसतात आणि घरात ताजी मासळी रोजची. ग्रंथात हेमंतात मांसाहार सांगितलाय असं मी ऐकलंय, आणि मघाशी निर्गुडीताईंनी पाण्यातल्या प्राण्यांचा उल्लेख केलाच. मग निरोगी माणसाला मासे चालतात ना? आमच्याकडे थंडीत लसूण, हिरवी मिरची, चिंच घालून बोंबलाचं आंबट करतात, सोबत तांदळाची भाकरी. बाळंतिणीला आणि तापातून उठलेल्याला हमखास. खोबऱ्याचं दूध घातलेलं कालवण मात्र काहीजणी 'दूध आणि मासे एकत्र नको' म्हणून टाळतात. ते कितपत खरं?

निर्गुडी, ४ डिसेंबर

वेसावकरीणताई, बरं झालं लिहिलंत. हेमंतात स्निग्ध मांसरस आणि पाण्यातल्या प्राण्यांचं मांस स्पष्टपणे सांगितलं आहे. मासे सर्वसाधारणपणे जड, उष्ण, बल देणारे आणि वात कमी करणारे. समुद्रकाठच्या माणसाला हेमंतासाठी याहून जवळचा आहार कुठला?

दूध आणि मासे हा विरुद्ध आहार सांगितलाय तो प्राण्याच्या दुधाबद्दल. खोबऱ्याचं दूध हे नारळाचा रस आहे, त्याचा त्या नियमाशी संबंध नाही. कालवणात खुशाल घाला. मासे खाऊन वर खीर, बासुंदी किंवा मिल्कशेक, हे मात्र नको. आणि आंबट, लसूण, मिरची ही तुमच्याकडची जोड अगदी योग्य आहे, जड मासळी पचायला तीच मदत करते. खारवलेल्या सुक्या मासळीत मीठ खूप असतं. रक्तदाब असणाऱ्यांनी ती बेतानेच खावी.

पावशेर, ४ डिसेंबर

दह्याबद्दल कुणीतरी सांगा. आमच्याकडे दिवाळीनंतर दही बंद ते थेट होळीपर्यंत. सर्दी होते म्हणून.

निर्गुडी, ४ डिसेंबर

गंमत म्हणजे ग्रंथात उलट आहे, पावशेरकाका. शरद, ग्रीष्म आणि वसंत या ऋतूंत दही शक्यतो नको असं सांगितलंय. हेमंत-शिशिरात दुपारच्या जेवणात ताजं, नीट विरजलेलं, गोडसर दही निरोगी माणसाला चालतं. रात्री नको, कुठल्याच ऋतूत. गरम करूनही नको. फ्रीजमधून काढून लगेच खाऊ नका. ज्यांना आधीच कफ, दमा, सतत सर्दी आहे त्यांनी टाळणं बरोबरच. बाकीच्यांना उन्हाळ्यात वाटीवाटीने दही खाण्यापेक्षा आताच खाणं जास्त पटण्यासारखं आहे.

सध्या मुंबईची हवा सकाळी धुरकट असते, खोकला घेऊन येणारे खूप वाढलेत. तो सगळाच खोकला खाण्यातून आलेला नाही, दह्याला उगाच दोष देऊ नका. आणि खोकला लांबला किंवा श्वास लागत असेल तर हळद-दुधावर दिवस काढत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

रायगडकर, ५ डिसेंबर

थंडी, आणि पोपटीचं नाव नाही! आमच्या अलिबाग-पेणकडे वालाच्या शेंगा भरल्या की शेतात पोपटी लागते. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, हवी तर अंडी-कोंबडी, वर पुन्हा पाला दाबायचा. मडकं उपडं ठेवून भोवती काटक्या-पाचोळा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही, शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. वाल वातूळ खरा, पण भांबुर्डी आणि ओवा त्याचं काम करतात, पोट धरत नाही. जुन्या लोकांनी जोडी विचार करूनच घातली असणार. मुंबईकरांनी जानेवारीत एक रविवार काढून यावंच.

मीठभाकर, ५ डिसेंबर

रायगडकर, वाल आणि ओवा ही जोडी मलाही फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडच्या थंडीच्या बऱ्याच पदार्थांत असा तोल आधीच सांभाळलेला दिसतो. भोगीचंच घ्या. बाजरी उष्ण पण रुक्ष, म्हणून भाकरीला तीळ आणि वर लोण्याचा गोळा. भाजीत पावटा, हरभरा असे वातूळ दाणे, म्हणून तीळकूट आणि शेंगदाण्याचा कूट. दुसऱ्या दिवशी संक्रांतीला तीळ आणि गूळ. पौषातला हा सण म्हणजे हेमंताची ऋतुचर्या एका ताटात वाढलेली.

चाफेकळी, ६ डिसेंबर

डिंकाच्या लाडवांची कृती कुणी नीट सांगेल का? मी केले तेव्हा डिंक दातांना चिकटत होता. आणि बाजरीचं पीठ चार दिवसांत कडू का होतं? गिरणीवाले म्हणतात बाजरीच खराब.

मीठभाकर, ६ डिसेंबर

चाफेकळी, डिंक चिकटतो तो आतून कच्चा राहिल्यामुळे. मुंबईच्या दमट हवेत डिंक ओलसर होतो, म्हणून तळायच्या आधी तो दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायलाच हवा. खडे मोठे असतील तर बत्त्याने हरभऱ्याच्या दाण्याएवढे करून घ्यायचे. कढईत तूप मध्यम आचेवर तापवायचं. एक खडा टाकून बघायचा. तो लगेच वर येऊन लाहीसारखा फुलला की तूप बरोबर तापलं. मग एका वेळी फक्त चमचाभर डिंक घालायचा. जास्त घातला की तुपाचं तापमान उतरतं आणि खडे बाहेरून फुलतात, आत काचेसारखे राहतात. काढल्यावर एक खडा बोटात दाबून बघा, पूर्ण चुरा झाला पाहिजे. मध्ये कडक कणी लागली तर तो घाणा पुन्हा तुपात सोडायचा.

पावशेर डिंकाला मी अर्धा किलो खारीक पूड, अर्धा किलो किसून भाजलेलं सुकं खोबरं, मूठभर भाजलेली खसखस, थोडे बदाम, जायफळ-वेलची, आणि या सगळ्याला पुरेल इतपत, साधारण पाऊण किलो, गूळ घेते. गुळाचा पाक नाही करत, तुपात गूळ नुसता विरघळून फेसाळला की गॅस बंद करून सगळं त्यात घालते. पाक पुढे गेला की लाडू दगड होतात. सुंठ पूड दोन चमचे हवीच. निर्गुडीताईंनी वर म्हटलंय तसं, आपल्या हवेत पाचक काहीतरी सोबत असावं. लाडू लिंबाएवढेच वळा. मोठा लाडू वळला की अर्धा खाऊन ठेवणारं घरात कुणी नसतं.

मेथीचे करणार असाल तर मेथीचं पीठ आठवडाभर तुपात भिजवून ठेवा, कडवटपणा बराच कमी होतो. अळिवाचे लाडू ओल्या नारळाचे, म्हणून मुंबईत फ्रीजबाहेर टिकत नाहीत. थोडेच करा. गर्भारपणात अळीव वैद्यांना विचारल्याशिवाय नको.

बाजरीच्या पिठाबद्दल: बाजरीत नैसर्गिक स्निग्धांश बराच असतो, दळल्यावर तो हवेशी येतो आणि पीठ खवट होतं. दमटपणात आणखी लवकर. बाजरी खराब असेलच असं नाही. अर्धा-एक किलोच दळून आणा, हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. दुकानातलं पाकीट घेणार असाल तर दळल्याची तारीख बघून घ्या.

बदलापूर लोकल, ९ डिसेंबर

आठ-साडेआठचा पुडा सुरू केला. अकराचं डोकं दुखणं कमी आहे. एक विचारायचं होतं: हे सगळं कधीपर्यंत चालू ठेवायचं? आमच्याकडे लाडवांचा डबा संपेपर्यंत लाडू खातात, मग एप्रिल असो.

निर्गुडी, ९ डिसेंबर

महत्त्वाचा प्रश्न. हेमंत-शिशिरात गोड, स्निग्ध, जड खाऊन कफ साठत जातो. वसंतात ऊन वाढलं की तो पातळ होतो आणि सर्दी, खोकला, भूक मंदावणं सुरू होतं. चैत्रात येणारा सुस्तपणा बऱ्याचदा फेब्रुवारीतल्या लाडवांचा असतो. म्हणून फाल्गुनात हात आखडायचा. ग्रंथात संपणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस हा ऋतुसंधी मानलाय, त्यात जुनी सवय हळूहळू सोडायची, नवी हळूहळू लावायची. एका दिवसात बदल नको.

मुंबईत तर फेब्रुवारी निम्मा झाला की दुपारी घामाच्या धारा लागतात. इथे मी पंचांगापेक्षा अंगावरून ठरवायला सांगते. सकाळची भूक उशिरा लागायला लागली की लाडू बंद, बाजरी बंद. ज्वारी, जुना तांदूळ, मूग, थोडं कडू-तुरट सुरू. उरलेले लाडू वाटून टाका.

काळा घोडा, १२ डिसेंबर

अनुभव कळवतो. सकाळी चालून आल्यावर भूक लागते, ही माझ्यासाठी नवी गोष्ट आहे. लाडू अर्धा खातो, पचतो. आता कुळथाच्या पिठीकडे वळायचंय. विकतचं पीठ आणलं तर गुठळ्या झाल्या आणि कच्चट वास येत होता. मालवणी मंडळींपैकी कुणी सांगेल का?

सावंतवाडी ते सायन, १२ डिसेंबर

सांगतो. कच्चट वास म्हणजे कुळीथ नीट भाजलेले नव्हते. आमच्याकडे कुळीथ आधी लोखंडी कढईत खमंग वास सुटेपर्यंत भाजतात, मग भरडून सालं पाखडून काढतात आणि डाळ दळतात. एवढं जमणार नसेल तर विकतचं पीठच मंद आचेवर कोरडं परतून घ्या, वास बदलला की उतरवा आणि पूर्ण गार होऊ द्या.

पिठीला: तेलात मोहरी, हिंग, ठेचलेली लसूण आठ-दहा पाकळ्या, लाल होऊ द्यायची. मग कांदा, हिरवी मिरची. त्यावर तीन वाट्या पाणी, मीठ, दोन-तीन आमसुलं. तीन चमचे पीठ वेगळ्या वाटीत गार पाण्यात सरसरीत कालवून घ्यायचं. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलंत की गुठळी होणारच. कालवलेलं पीठ बारीक धारेने सोडत एका हाताने ढवळत राहायचं आणि पाच-सात मिनिटं चांगली रटरटू द्यायची. पातळच ठेवा, ताटात वाढेपर्यंत ती आपोआप दाटते. गरम भात, वर पिठी, बाजूला सुक्या जवळ्याची चटणी. शाकाहारी असाल तर भाजलेला पापड.